उमेद कुठून येते, कुठे जाते? समाजाबद्दलच्या समजुती आणि आशा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तालुक्याच्या गावातल्या एका अभ्यासिकेत मी गेली काही वर्षं संध्याकाळी जाऊन बसतो. पोलीस भरती, तलाठी, एमपीएससी अशा परीक्षांची तयारी करणारी मुलं-मुली तिथे येतात. आधी गणितं विचारतात, इंग्रजी विचारतात. दिवे मालवायची वेळ झाली की खरा प्रश्न निघतो, "सर, आपलं होईल का?" त्याच्या पोटात आणखी एक प्रश्न दडलेला असतो: हे जग आपल्यासारख्यांचं ऐकतं का? पालक तेच विचारतात, फक्त शब्द वेगळे. सारखे येणारे प्रश्न आणि त्यांना मी देत आलेली उत्तरं इथे एकत्र ठेवली आहेत.

आशावादी असणं हा स्वभावच नाही का? कुणाचा असतो, कुणाचा नसतो.

थोडा स्वभाव असतो, नाही म्हणत नाही. पण मराठीत 'आशा' आणि 'उमेद' हे दोन वेगळे शब्द आहेत, ते उगाच नाहीत. पाऊस पडेल अशी आशा असते. पेरायला माणूस उमेदीने उतरतो.

अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ सी. आर. स्नायडर यांनी १९९१ मध्ये आशा मोजण्यासाठी एक छोटी प्रश्नावली तयार केली. त्यांनी मोजलं ते खरं म्हणजे आपल्या उमेदीच्या जवळचं आहे. त्यांच्या मते तिचे दोन भाग असतात. पहिला, 'मी हे करू शकेन' हे बळ. दुसरा, वाटा: एक बंद झाली तर दुसरी सुचणं. दोन्ही हवेत. नुसतं बळ असेल आणि वाट दिसत नसेल तर माणूस भिंतीवर डोकं आपटत राहतो.

वाटा कुठे आहेत, कुणासाठी उघड्या आहेत, दार वाजवलं तर आतून कुणी येतं का, हे काही स्वभावातून कळत नाही. घरात ऐकलेलं, शेजारी घडलेलं, कचेरीच्या खिडकीवर अनुभवलेलं, अशा सगळ्यातून त्याची समजूत बनते.

'समाजाबद्दलच्या समजुती' म्हणजे नेमकं काय?

जग कसं चालतं याबद्दल आपण मनाशी धरलेली, सहसा न तपासलेली वाक्यं. क्वोक लिउंग आणि मायकेल बाँड या संशोधकांनी त्यांचा मोठा अभ्यास केला. हाँगकाँग आणि व्हेनेझुएलात लोकांच्या मुलाखती घेऊन सुरुवात झाली, २००२ मध्ये पहिले निष्कर्ष आले आणि पुढे चाळीसच्या आसपास देशांत तीच तपासणी झाली. समजुतींचे पाच गठ्ठे बहुतेक ठिकाणी सापडले.

ते पाच मी मुलांना सांगतो तेव्हा परदेशी नावं सांगत नाही, म्हणी सांगतो. 'बळी तो कान पिळी', म्हणजे सत्ता असलेला दुसऱ्याला लुबाडणारच. 'प्रयत्नांती परमेश्वर', म्हणजे कष्टाला फळ आहे. 'व्यक्ती तितक्या प्रकृती', म्हणजे माणसं एका साच्याची नसतात, एकाच प्रश्नाला अनेक उत्तरं असू शकतात. 'सटवाईने कपाळी लिहिलेलं चुकत नाही', म्हणजे दैव. आणि 'देव तारी त्याला कोण मारी', म्हणजे श्रद्धेचा आधार.

एकाच आजीच्या तोंडून या पाचही म्हणी एका दिवसात ऐकू येतात आणि त्यात काही विसंगत नाही. संकट आलं की यातली कोणती आधी आठवते, ते पाहण्यासारखं असतं.

उमेद सगळ्यात जास्त कोणती समजूत मारते?

माझ्या अनुभवात पहिली: 'सगळे असेच असतात.' तिचं मोठं आकर्षण म्हणजे ती शहाणपणासारखी दिसते. चहाच्या टपरीवर "सगळं सेटिंग असतं" म्हणणारा माणूस जग पाहिलेला वाटतो आणि भरवसा ठेवणारा भोळा.

ओल्गा स्ताव्रोव्हा आणि डॅनियल एलेब्राख्त यांनी २०१९ मध्ये हेच तपासलं. सगळ्यांवर संशय घेणारी माणसं जास्त हुशार असतात, असं लोकांना खरंच वाटत होतं. पण ३० देशांतल्या जवळपास दोन लाख लोकांच्या माहितीत उलटं दिसलं: सरसकट संशयी असणाऱ्यांची बौद्धिक चाचण्यांतली कामगिरी कमी होती. हुशार माणसं सगळ्यांवर विश्वास ठेवत नव्हती, सगळ्यांवर संशयही घेत नव्हती. समोर कोण आहे, परिस्थिती काय आहे, हे पाहून ठरवत होती.

त्याच वर्षी पाकिटांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. ४० देशांतल्या ३५५ शहरांत, भारत धरून, बँका, हॉटेलं, टपाल कचेऱ्या अशा ठिकाणी 'हे रस्त्यात सापडलं' असं सांगून सतरा हजारांहून जास्त पाकिटं दिली गेली. कोण मालकाशी संपर्क साधतं ते पाहायचं होतं. पैसे नसलेल्या पाकिटांपैकी सुमारे ४० टक्क्यांबद्दल मालकाला कळवलं गेलं. पैसे असलेल्या पाकिटांबाबत हे प्रमाण सुमारे ५१ टक्के निघालं. वाढलं! आधी अंदाज विचारलेल्यांना, त्यात अर्थतज्ज्ञही होते, उलटं वाटत होतं. अर्थात निम्मी पाकिटं परत आली नाहीत, हेही मी मुलांना तितक्याच स्पष्टपणे सांगतो.

पण जग खरोखरच अन्यायी असेल तर? वशिला चालतोच की. मग उमेद म्हणजे डोळ्यांवर पट्टी बांधणंच ना?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे, आणि तो विचारणाऱ्याला मी कधीही 'सकारात्मक विचार कर' असं सांगत नाही. तो अपमान आहे. पेपरफुटीमुळे ज्याचं वर्ष गेलं, त्याच्या संशयाला कारण आहे.

बर्नार्ड वाइनर या मानसशास्त्रज्ञाने केलेली एक फोड मला इथे फार उपयोगी पडते. अपयश आलं की आपण दोन गोष्टी ठरवतो. कारण माझ्यात आहे की बाहेर, ही एक. ते कारण कायमचं आहे की बदलणारं, ही दुसरी. पुढची उमेद मुख्यतः दुसऱ्या उत्तरावर ठरते. 'मी ढ आहे' हे कारण आतलं आणि 'व्यवस्था सडलेली आहे' हे बाहेरचं, पण दोन्ही कायमची मानली तर परिणाम एकच: माणूस खाली बसतो. 'हा नियम चुकीचा आहे आणि तो बदलता येतो' हे कारण बाहेरचंच आहे, तरी त्याने माणूस उठतो.

महाडचं उदाहरण घ्या. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ मध्ये मंजूर झाला. महाडच्या नगरपालिकेनेही पुढच्या वर्षी चवदार तळं खुलं असल्याचा ठराव केला. कागदावर हक्क आला, पण तळ्यावर जायची सोय नव्हती. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांना घेऊन गेले आणि पाणी प्यायले. त्यानंतर काय झालं? परत निघालेल्या लोकांना मारहाण झाली. तळं बाटलं म्हणून त्याची शुद्धी केली गेली. प्रकरण कोर्टात गेलं आणि उच्च न्यायालयाचा निकाल त्यांच्या बाजूने लागायला १९३७ साल उजाडलं. दहा वर्षं.

तिथे गेलेल्या माणसांना जग न्यायी आहे असं वाटत होतं का? मुळीच नाही. अन्याय किती खोल आहे हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. त्यांनी नाकारली ती एकच समजूत: हे असंच राहणार. उमेदीला मला सापडलेलं यापेक्षा नेमकं रूप दुसरं नाही.

'कष्टाला फळ मिळतंच' असं मुलांना शिकवावं का?

शिकवावं, पण त्यातला 'च' काढून.

कष्टाला फळ आहे ही समजूत अभ्यासाला बसवते, सकाळी उठवते. तिच्याशिवाय उमेद उभीच राहत नाही. पण 'मिळतंच' म्हटलं की उलटा हिशेब सुरू होतो: ज्याला मिळालं नाही त्याने कष्ट केले नसणार. मेल्विन लर्नर यांनी १९६० च्या दशकात या प्रवृत्तीचा अभ्यास सुरू केला. एका प्रयोगात विजेचे धक्के सोसणारी एक बाई प्रेक्षकांना दाखवली (धक्के खोटे होते, प्रेक्षकांना ते माहीत नव्हतं). तिचा त्रास थांबवणं हाती नाही असं वाटलं, तेव्हा प्रेक्षक तिलाच कमी लेखू लागले. जग न्यायी आहे हा विश्वास टिकवायला त्यांनी दोष सोसणारीवर टाकला.

कांदा पिकवणाऱ्या घरातल्या मुलांना हे लगेच समजतं. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली, ती मे २०२४ मध्ये खुली झाली. त्या काळात ज्याचं पीक उत्तम आलं त्याने काही कमी कष्ट केले होते का? लासलगावला ट्रॅक्टर घेऊन उभा असलेला बाप मुलाला 'कष्टाला फळ मिळतंच' असं कोणत्या तोंडाने सांगेल?

इथे शेतकरी संघटनेची आठवण काढायला हवी. १९८० च्या आसपास चाकण आणि नाशिक भागात कांदा-उसाच्या भावासाठी आंदोलनं झाली. शरद जोशी शेतकऱ्यांना सांगत होते की तुमच्या गरिबीचं मूळ शेतीमालाला भाव मिळू न देणाऱ्या धोरणात आहे. त्यांच्या सगळ्या आर्थिक मतांशी मी सहमत नाही. पण 'माझं नशीब फुटकं' म्हणणाऱ्या माणसाला 'हे धोरण आहे, ते माणसांनी केलंय' असं सांगितल्यावर तो रस्त्यावर येऊन बसला, ही घटना लहान नाही.

मुलांना मी इतकंच सांगतो: कष्ट नसतील तर फळ जवळजवळ नाहीच. कष्ट असूनही फळ नसेल, तर कष्टांसोबत आणखी काय अडलं ते शोधायचं. स्वतःला शिव्या घालत बसायचं नाही.

नशिबावर विश्वास असणारी माणसं हातपाय गाळतात, हे खरं आहे का?

इतकं सोपं नाही. 'असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी' ही म्हण आपण आळशाची थट्टा म्हणून वापरतो. दैव मानणारा समाज निष्क्रिय बसण्याला दैवाचा आधार देत नाही, असा याचा अर्थ. वर सांगितलेल्या पाच गठ्ठ्यांतली दैवाची समजूतही दुहेरी निघाली: नशीब ठरलेलं असतं आणि ते ओळखता येतं, काही उपायही करता येतात. पत्रिका, मुहूर्त, नवस ही त्याचीच रूपं. पाचवीच्या पूजेत सटवाईसमोर कागद आणि लेखणी ठेवतात. तो कागद कोरा असतो, याचं मला लहानपणापासून अप्रूप आहे.

अपयश आल्यावर 'नशिबात नव्हतं' म्हणणारी आई मुलाला सावरते. तिला विज्ञान शिकवायला जाऊ नका. फॉर्म भरायच्या आधीच 'आपल्या नशिबात नाही' असं कुणी म्हणू लागलं, तर मात्र थांबवा.

जात, गरिबी, मुलगी असणं यांचा उमेदीवर परिणाम होतो, हे सिद्ध झालंय का?

झालंय, आणि ते वाचून मी बराच वेळ सुन्न बसलो होतो.

कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशात सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरची भुलभुलैयाची कोडी सोडवायला दिली. जितकी सुटतील तितके पैसे. जात जाहीर केली नव्हती तेव्हा वरच्या मानल्या जाणाऱ्या आणि खालच्या मानल्या जाणाऱ्या जातींची मुलं सारखीच कोडी सोडवत होती. सगळ्यांदेखत प्रत्येकाचं नाव, गाव आणि जात वाचून दाखवली, तशी दलित मुलांची कामगिरी घसरली. तीच मुलं, तसलीच कोडी.

पण या प्रयोगाचा पुढचा भाग कमी लोकांना माहीत असतो. बक्षिसाच्या ठरवण्यात चिठ्ठी काढण्याचा, म्हणजे माणसाच्या हातात नसलेला भाग घातला, तेव्हा ही तफावत नाहीशी झाली. जात उघड झाल्यावर या मुलांना वाटू लागलं होतं की आपल्या मेहनतीचा मोबदला आपल्याला नीट मिळणार नाही, असा अर्थ संशोधकांनी लावला. कोडी सोडवण्याची त्यांची कुवत जागच्या जागी होती. उडाला होता तो समोरच्या माणसावरचा भरवसा. अकरा-बारा वर्षांच्या पोराला हा हिशेब कुणी शिकवला? आपण सगळ्यांनी.

दुसरा अभ्यास याच्या उलट दिशेचा आहे. पश्चिम बंगालमधल्या बीरभूम जिल्ह्यात पंचायतीचं प्रधानपद काही गावांत महिलांसाठी राखीव झालं, आणि कोणती गावं ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरलं. लोरी बीमन, एस्थर डुफ्लो, रोहिणी पांडे आणि पेतिया तोपालोवा यांनी २०१२ मध्ये त्याचे परिणाम मांडले. जिथे दोन वेळा महिला प्रधान होती, तिथे मुलगा आणि मुलगी यांच्याबद्दलच्या आकांक्षांतलं अंतर पालकांमध्येही कमी झालं होतं आणि किशोरवयीन मुलांमध्ये तर ते ३२ टक्क्यांनी घटलं होतं. शिक्षणातलं अंतर तर मिटलंच, आणि मुलींचा घरकामातला वेळही घटला. बाहेर नोकऱ्या काही वाढल्या नव्हत्या. गावातली एक बाई खुर्चीत बसलेली दिसत होती, एवढंच.

महाराष्ट्रात २०११ पासून पंचायतींत महिलांना ५० टक्के आरक्षण आहे. 'कारभार नवराच बघतो' असं म्हणून ते उडवून लावणाऱ्यांना मी बीरभूमच्या मुली आठवायला सांगतो.

मग प्रेरणादायी भाषणं ठेवावीत का?

फारशी नाही. मोठ्या माणसाचं भाषण ऐकून मुलं दोन दिवस पेटतात, तिसऱ्या दिवशी 'ते वेगळे, आपण वेगळे' असं वाटून आणखी खचतात. इथिओपियातल्या एका दुर्गम भागात संशोधकांनी तिथल्याच, तशाच घरांतून वर आलेल्या माणसांच्या गोष्टी पडद्यावर दाखवल्या. सहा महिन्यांनीही पाहणाऱ्यांच्या आकांक्षा, बचत आणि मुलांच्या शिक्षणावरचा खर्च यांत फरक दिसला. माझा धडा: मागच्या वर्षी याच अभ्यासिकेतून लागलेल्या मुलीला बोलवा, आणि ती किती वेळा नापास झाली तेही तिला सांगू द्या.

बातम्या आणि मोबाईलमुळे मन खचतं. बंद करावं का?

सगळं बंद करायची गरज नाही. जे उदाहरण चटकन आठवतं ते जास्त वेळा घडतं असं मनाला वाटतं, आणि वाईट बातमी चटकन आठवते. रात्री झोपताना घोटाळ्यांचे व्हिडिओ पाहू नयेत, इतकं पुरे.

माझा मुलगा म्हणतो, "काही उपयोग नाही." मी काय बोलू?

आधी काहीच बोलू नका, ऐका. नंतर विचारा, "कशाचा उपयोग नाही?" 'कशाचाच' आणि 'या परीक्षेचा' यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी १९६७ मध्ये 'शिकलेली असहायता' ही कल्पना मांडली: पुनःपुन्हा काही हाती लागलं नाही की जीव प्रयत्न सोडायला शिकतो. जवळजवळ पन्नास वर्षांनी, २०१६ मध्ये, मेंदूवरचं संशोधन पाहून त्यांनी स्वतःचीच मांडणी उलटी केली. दीर्घ त्रासात गप्प पडून राहणं ही मुळातली प्रतिक्रिया आहे, ती शिकावी लागत नाही. शिकायचं असतं ते 'माझ्या करण्याने काही बदलतं' हे. आई-बापांसाठी याचा अर्थ मोठा आहे. मुलगा आळशी झालेला नाही, त्याला बऱ्याच दिवसांत काही बदलल्याचा अनुभव आलेला नाही. घरातलं एखादं खरं काम त्याच्या निर्णयावर सोपवा, लुटुपुटीचं नको. आणि निर्णय त्याचा असेल तर तो मोडू नका.

झोप, जेवण उडालं असेल, मरणाची भाषा येत असेल, तर हा समजुतींचा विषय राहिलेला नाही. डॉक्टरांकडे न्या. सरकारची टेली-मानस ही मोफत हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर आहे, मराठीतही बोलता येतं.

ही सगळी लढाई एकट्याने मनातल्या मनात लढायची का?

नाही, आणि एकट्याने ती फार अवघड आहे. अल्बर्ट बांडुरा यांनी स्वतःवरच्या भरवशाबरोबर 'आपण मिळून करू शकतो' या भरवशाचाही विचार मांडला आहे.

मुंबईत भायखळ्याच्या फुटपाथवर राहणाऱ्या बायकांची गोष्ट मी नेहमी सांगतो. १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जगण्याच्या हक्कात उपजीविका येते हे मान्य केलं, तरी फुटपाथवरच्या झोपड्या हटवायची महापालिकेची सत्ताही कायम ठेवली. त्या काळात या बायकांनी 'स्पार्क' संस्थेच्या साथीने स्वतःची मोजणी केली, 'महिला मिलन' उभं केलं, रोज थोडे थोडे पैसे साठवले. पुढे घरांच्या पूर्ण आकाराच्या प्रतिकृती उभारून खोली केवढी हवी यावर त्याच बोलू लागल्या. मुंबईत वाढलेले मानववंशशास्त्रज्ञ अर्जुन अप्पादुराई यांनी याच चळवळीच्या अभ्यासातून सांगितलं की आकांक्षा ठेवणं हीसुद्धा क्षमता आहे आणि ती समाजात असमान वाटलेली आहे. श्रीमंत घरातल्या पोराला रोज छोटे छोटे प्रयत्न करून वाटा ओळखायचा सराव मिळतो, गरिबाला मिळत नाही. सराव मिळाला की क्षमता वाढते. गावोगावच्या बचत गटांचं काम पाहणाऱ्या राज्याच्या अभियानाचं नाव 'उमेद' आहे. नाव अगदी योग्य आहे.

मला माझ्याच समजुती तपासायच्या आहेत. सुरुवात कुठून करू?

एक वही घ्या, पानावर तीन रकाने आखा. कुणाकडे काही मागायला, विचारायला जाण्याआधी पहिल्या रकान्यात लिहा: काय होईल असं वाटतं. आल्यावर दुसऱ्यात: काय झालं. आधी लिहिणं महत्त्वाचं, कारण मन नंतर 'मला माहीतच होतं' म्हणून मोकळं होतं. तिसऱ्यात पुढचं पाऊल.

अभ्यासिकेतल्या एका मुलीने दाखल्यासाठी खेटे घालताना अशी वही ठेवली होती. पहिल्या रकान्यात पानोपानी एकच शब्द होता, 'हाकलतील'. दुसऱ्या रकान्यात काही वेळा खरंच तसं झालं होतं. काही वेळा 'कागद कमी पडला', एकदा 'शिपाईकाकांनी बसायला सांगितलं, पाणी दिलं'. शेवटच्या भरलेल्या पानावर पहिला रकाना तिने मोकळाच सोडला होता. तिसऱ्यात लिहिलं होतं: 'बुधवारी सकाळी जायचं. त्या दिवशी साहेब असतात.'